आईकडून चालणारं घराणं

(शांत समुद्र. पाण्यातून एक काळा पर वर येतो.)

पराच्या मागे बघा. पाठीवर राखाडी डाग आहे, घोड्याच्या खोगिरासारखा. हा ऑर्का, म्हणजे ‘किलर व्हेल’. दोन ऑर्कांचे डाग सारखे नसतात. १९७०च्या दशकात कॅनडाचे संशोधक मायकल बिग यांनी या डागांचे फोटो काढून एकेकाला ओळखायला सुरुवात केली, आणि हळूहळू वंशावळ उभी राहिली. बाप मात्र आई-पिल्लांच्या या कुटुंबात शोधू नका. तो भेटीपुरता येतो आणि आपल्या आईकडे परत जातो.

अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या सेलिश समुद्रातली ही तीन घराणी: जे, के आणि एल. तिन्ही मिळून आज जेमतेम पाऊणशे जीव.

इथे मुलगी सासरी जात नाही आणि मुलगा वेगळं बिऱ्हाड थाटत नाही. तिशी ओलांडलेला, सहा-सात मीटर लांबीचा बाप्या आईला चिकटून पोहतो. ती चिनूक सॅमन पकडते, दातांनी दोन तुकडे करते आणि एक त्याला देते. (आपल्या रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणतात खरं, पण या माशाशी त्याचं नातं नाही.) लाड म्हणा हवं तर, पण आई गेली, की वर्षभरात असा मुलगा दगावण्याची शक्यता कित्येक पटींनी वाढते. वीण थांबल्यावरही माद्या अनेक वर्षं जगतात. सॅमन कमी असलेल्या वर्षी पुढे पोहतात त्या या आज्याच. जे घराण्यातली जे-२, म्हणजे ‘ग्रॅनी’, २०१६पर्यंत अशीच पुढे असायची.

(जुनी छायाचित्रं: जाळी, होड्या.)

ऑगस्ट १९७०. वॉशिंग्टन राज्यातली पेन कोव्ह खाडी. मत्स्यालयांना पिल्लं हवी होती, कारण ती न्यायला सोपी. सात पिल्लं नेली. जाळ्यांत अडकून काही बुडाली. ती कोणाला दिसू नयेत म्हणून पोटं चिरून आत दगड भरले. नेलेल्यांपैकी टोकिटे मायामीच्या मत्स्यालयातल्या टाकीत २०२३पर्यंत जगली. आणि उद्याच्या आयाच नेल्यामुळे मागे राहिलेल्या कळपांना पुढे आया कमी पडल्या.

(जे-३५. तिच्या डोक्यावर काहीतरी आहे.)

हिचं नाव टालेक्वा. जुलै २०१८मध्ये तिचं पिल्लू जन्मून अर्ध्या तासात गेलं. सतरा दिवस, सुमारे १,६०० किलोमीटर, ती त्याला वाहत राहिली. २०२०मध्ये तिला मुलगा झाला, तो जगला. डिसेंबर २०२४मध्ये मुलगी झाली, जे-६१. ती काही दिवसांतच गेली.

१ जानेवारी २०२५. टालेक्वा पुन्हा तशीच निघाली आहे. कलेवर घसरलं, की ती बुडी मारते आणि त्याला परत वर आणते.