ट्रोलिंग मोटर फुल स्पीडवर का पळवू नये? बॅटरीचं खरं गणित

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आलाय: "दादा, 100 एएचच्या बॅटरीवर मोटर किती तास चालेल?" ट्रोलिंग मोटर म्हणजे लहान होडी ढकलणारी, बॅटरीवर चालणारी विजेची मोटर. आणि एएच म्हणजे अँपिअर-अवर, बॅटरी किती अँपिअर किती तास देईल त्याचं माप. आज तेच गणित सांगतो.

आधी सोपं ते पटापट. मोटर होडीच्या मागच्या फळीवर घट्ट आवळा आणि एक दोरी होडीला बांधून ठेवा. पंखा पाण्याखाली फूटभर तरी हवा. होडी, माणसं, सामान, बॅटरी सगळं धरून दर 100 पौंड वजनाला 2 पौंड थ्रस्ट, म्हणजे मोटरचा ढकलण्याचा जोर, लागतो. म्हणजे भरलेली होडी 450 किलोची असेल तर साधारण 20 पौंड. वारा आणि प्रवाह यांच्यासाठी त्याहून बऱ्यापैकी जास्त घ्या. झालं.

आता बॅटरी. 1934 मध्ये अमेरिकेत फार्गोजवळ ओ. जी. श्मिट यांनी फोर्डच्या मॉडेल ए गाडीची स्टार्टर मोटर घेतली, तिला लवचीक दांडा आणि पंखा जोडला. ट्रोलिंग मोटर बनवणाऱ्या मिन कोटा कंपनीची सुरुवात ती. मोटर स्टार्टरची चालली, पण बॅटरी गाडीची लावू नका! तिच्या प्लेटा पातळ असतात, दोन-चार सेकंद जोरात करंट द्यायला बनवलेल्या. तासन् तास रिकामी होत राहिली की ती लवकर मरते. जाड प्लेटांची डीप सायकलच घ्या, म्हणजे हळूहळू बराच वेळ करंट द्यायला बनवलेली बॅटरी.

तीसुद्धा अर्ध्याच्या खाली नेऊ नका. म्हणजे 100 एएचमधले तुमच्या हातात 50. आणि 12 व्होल्टची 55 पौंडांची मोटर फुल स्पीडला जवळपास 50 अँपिअर खाते. कागदावर एक तास. पाण्यात तोही मिळत नाही, कारण लेड-अ‍ॅसिड बॅटरीतून जितक्या जोरात करंट ओढाल तितकी ती एकूण कमी देते.

म्हणून मी ओरडतो, फुल स्पीड सोडा. पाण्यात होडीला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या हिशेबाने वाढते. उलट बाजूने बघा. ताकद निम्मी केली तरी वेग साधारण पाचव्या हिश्शानेच कमी होतो. फुलवर ताशी 5 किलोमीटरने एक तास गेलात तर 5 किलोमीटर. निम्म्या ताकदीवर ताशी 4 ने दोन तास, म्हणजे 8. त्याच बॅटरीत! पाच टप्प्यांच्या जुन्या मोटरमध्ये कमी स्पीडला थोडी वीज कॉइलमध्ये गरम होऊन वाया जाते, तिथे फायदा कमी. पण असतोच.

एकांनी लिहिलंय, "हळू जायचं तर मोटर कशाला, वल्हं आहेच." मला ही कॉमेंट आवडली, कारण मी स्वतः तिथेच फसलो होतो. जाताना वारा पाठीशी होता, होडी झकास पळत होती, मीही मूठ पूर्ण फिरवून ठेवलेली. परत वळलो तर वारा तोंडावर. मोटर धडपडत होती, होडी जागची हलेना, आणि थोड्याच वेळात पंखा मंदावला. उरलेलं अंतर वल्ह्यावर काढलं, हाताला फोड आले. सोबत लहान भाचा होता. त्याचा चेहरा आठवला की आजही पोटात गोळा येतो.

म्हणून जाताना वाऱ्याच्या तोंडावर जा, येताना वारा पाठीवर घ्या. तसं जमत नसेल तर हातातल्या चार्जचा तिसरा हिस्सा संपला की लगेच वळा. आणि वल्हं, लाइफ जॅकेट कायम सोबत.

व्होल्टमीटरचंही सांगतो. मोटर चालू असताना आकडा खाली दिसतो, घाबरू नका. बॅटरीला अर्धा तास विश्रांती द्या, मग बघा: 12.7 च्या आसपास म्हणजे भरलेली, 12.2 ला अर्धी. लिथियमवाल्यांनी मात्र व्होल्टवर विसंबू नका. ती शेवटपर्यंत जवळपास तेवढाच आकडा दाखवते आणि मग एकदम बसते. तिला अँपिअर मोजणारा मीटरच लावा.

ब्रेकर, म्हणजे करंट जास्त झाला की वीज तोडणारा स्विच, बॅटरीच्या अगदी जवळ, पॉझिटिव्ह वायरला लावा. घरी आलात की त्याच दिवशी चार्जिंग, मोकळ्या हवेत, कारण लेड-अ‍ॅसिडमधून हायड्रोजन निघतो. आणि पंखा काढून मागे गळाचा दोरा गुंडाळलाय का तेवढं बघा. तो सील कापतो, मग मोटरीत पाणी शिरतं.

होडीचं वजन, मोटरचा थ्रस्ट आणि बॅटरी किती एएचची, हे तिन्ही आकडे कॉमेंटमध्ये लिहा. हिशेब मी करून देतो.