पूर्वपक्षासह वाचन : सीमाभागातून पाश्चात्य तत्त्वज्ञानाचा इतिहास

बेळगावच्या हिंदवाडी भागात गुरुदेव रानडे मंदिर आहे, आणि तत्त्वज्ञान व धर्म यांच्या तौलनिक अभ्यासाला वाहिलेली अकादमीही तेथेच आहे. ज्यांच्या नावाने ही वास्तू ओळखली जाते ते रामचंद्र दत्तात्रेय रानडे १८८६ साली जमखंडीत जन्मले, पुण्यात शिकले, पुढे अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आणि कुलगुरू झाले, आणि १९५७ मध्ये निंबाळ येथे त्यांनी देह ठेवला. सीमाभागात लोक त्यांना साधुपुरुष म्हणून ओळखतात, आणि ते योग्यच आहे. परंतु याच रानडे यांनी प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ हेराक्लायटसवर निबंध लिहिला, एलिया या ग्रीक नगरातील तत्त्वज्ञांवर ॲरिस्टॉटलने केलेल्या टीकेचा अभ्यास केला, आणि उपनिषदांवरील आपल्या १९२६ च्या ग्रंथात ग्रीक विचारांशी ठिकठिकाणी तुलना केली, हेही येथील विद्यार्थ्यांना सांगितले गेले पाहिजे.

खानापूर, निपाणी किंवा बेळगाव तालुक्यातील मराठी शाळेतून बी.ए.ला आलेल्या मुलामुलींना हा विषय बहुधा इंग्रजी वा कन्नड पुस्तकांतून भेटतो. ग. ना. जोशी यांचा पाश्चात्य तत्त्वज्ञानाचा त्रिखंडात्मक मराठी इतिहास हाताशी असेल तर वाट पुष्कळ सुकर होते. तरीही खरी अडचण भाषेची नसून वाचण्याच्या पद्धतीची आहे, असे आमचे मत आहे. परीक्षेच्या तयारीत प्लेटोचे चार मुद्दे, देकार्तचे पाच आणि कांटचे सहा अशी टिपणे होतात. मग कोणी काय म्हटले एवढे पाठ होते, आणि ते कोणाला उत्तर म्हणून म्हटले हे निसटून जाते.

सतराव्या शतकातील फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तचेच उदाहरण पाहू. त्याचे ‘मेडिटेशन्स’ हे पुस्तक १६४१ मध्ये प्रसिद्ध झाले ते एकटे नव्हे. हॉब्ज, आर्नो, गासेंदी यांच्यासारख्या विद्वानांचे आक्षेप आणि त्यांवर देकार्तने दिलेली उत्तरे त्याच पुस्तकात छापली होती. पूर्वपक्ष, म्हणजे प्रतिपक्षाचा आक्षेप, आधी मांडून मग उत्तरपक्षाकडे, म्हणजे त्याच्या उत्तराकडे जाणाऱ्या आपल्या शास्त्रपरंपरेला ही रचना मुळीच परकी वाटणार नाही. मन हे केवळ विचार करणारे द्रव्य आणि शरीर हे केवळ जागा व्यापणारे द्रव्य, असा देकार्तचा सिद्धांत होता. १६४३ साली बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिने त्याला पत्र लिहून विचारले की, एखादी वस्तू हलते ती दुसरीच्या धक्क्याने, म्हणजे स्पर्शाने; मग ज्या आत्म्याला आकारच नाही तो शरीराला कसा हलवील? जडपणा, म्हणजे वजन, हा गुण वस्तूला धक्का न देताच खाली नेतो असे आपण मानतोच, असा दाखला देऊन देकार्तने उत्तर दिले. एलिझाबेथचे त्याने समाधान झाले नाही. अभौतिक वस्तू शरीराला हलवते हे मानण्यापेक्षा आत्म्यालाच विस्तार आहे असे मानणे मला सोपे जाईल, असे तिने पुढच्या पत्रात कळवले. तिचे कुटुंब राज्य गमावून हॉलंडमध्ये आश्रयाला आलेले होते आणि ती स्वतः त्या वेळी चोवीस वर्षांची होती. मन आणि शरीर ही एकाच द्रव्याची दोन अंगे आहेत हे स्पिनोझाचे म्हणणे आणि दोहोंमध्ये आधीपासून ठरलेला मेळ आहे हे लायब्निझचे म्हणणे, ही दोन्ही या प्रश्नाशेजारी ठेवून वाचली की ती लहरी कल्पना वाटत नाहीत. अडलेल्या जागेतून वाट काढण्याचे ते प्रयत्न आहेत हे ध्यानात येते. ह्यूम आणि कांट यांनाही हीच रीत लावता येते, कारण ह्यूमने कार्यकारणभावाबद्दल घेतलेली शंका बाजूला ठेवली तर कांटचा ‘क्रिटिक ऑफ प्युअर रीझन’ हा १७८१ चा ग्रंथ कशासाठी लिहिला गेला हेच कळत नाही.

अभ्यासक्रमातील एका उडीबद्दल मात्र आम्ही नाराज आहोत. ॲरिस्टॉटल इसवी सनपूर्व ३२२ मध्ये वारला आणि देकार्त १५९६ मध्ये जन्मला. या एकोणीसशेहून अधिक वर्षांची बोळवण पुष्कळदा एखाद्या तासात होते. बाराव्या शतकात स्पेनमधील कोर्दोबाच्या इब्न रुश्दने ॲरिस्टॉटलवर अरबीत भाष्ये लिहिली, ती लॅटिनमध्ये गेली, आणि तेराव्या शतकात ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस ॲक्वायनस इब्न रुश्दला केवळ ‘भाष्यकार’ म्हणून उल्लेखू लागला व त्याच्या मतांशी वादही घालू लागला. ज्ञानेश्वरीचे पारायण घरात ऐकलेल्या विद्यार्थ्याला टीकाग्रंथ हा स्वतंत्र प्रज्ञेचा ग्रंथ असू शकतो हे पटवून द्यावे लागत नाही. म्हणूनच हा मधला काळ आपल्या मुलांना विशेष जवळचा वाटू शकेल, आणि नेमका तोच वगळला जातो याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते.

पदवीनंतर धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात किंवा पुण्याला जाऊन पुढचा अभ्यास करता येतो. परंतु त्याची पूर्वतयारी बेळगावात, तिसऱ्या वर्षाच्या वर्गातच व्हावी. ‘मेडिटेशन्स’मध्ये सहाच प्रकरणे आहेत आणि ती फार मोठी नाहीत, आठवड्याला एक प्रकरण, त्यावरील एक आक्षेप आणि देकार्तचे उत्तर, एवढे इंग्रजीत वाचून त्यावर मराठीत किंवा कन्नडमध्ये मोकळेपणाने वाद घालणे कोणत्याही महाविद्यालयाला एका सत्रात सहज जमण्यासारखे आहे.