कोपरखैरणेचा प्रभाग आखतं कोण? गाव, माथाडी, सेक्टर आणि चार मतांचं गणित

[कॅमेऱ्यासमोर]

नमस्कार मंडळी. कोपरखैरणेत तीन टाकीपाशी उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारा, "तुमचा प्रभाग कुठला?" उत्तर मिळेल सेक्टरचं. कुणी बोनकोडे म्हणेल, कुणी खैरणे गाव म्हणेल. प्रभागाचा नंबर कुणाला पाठ नसतो, आणि त्यात लोकांचा काही दोष नाही. 2010 ला नवी मुंबईत 89 प्रभाग होते, 2015 ला 111 झाले, आणि जानेवारी 2026 ला एकदम 28! नगरसेवक मात्र 111 च राहिले. हे कसं झालं आणि कोपरखैरणेसारख्या ठिकाणी त्यामुळे कुणाचं बळ वाढलं, कुणाचं घटलं, ते आज बघूया.

त्यासाठी आधी इथे राहतं कोण, ते कळायला हवं.

[स्क्रीनवर: ठाणे-बेलापूर रस्ता आणि खाडी दाखवणारा नकाशा]

हा नकाशा बघा. पूर्वेला ठाणे-बेलापूर रस्ता, त्याच्या पलीकडे एमआयडीसी, म्हणजे सरकारी औद्योगिक महामंडळाची कारखान्यांची वसाहत, पश्चिमेला खाडी. मधल्या पट्ट्यात भातशेती, मिठागरं आणि आगरी-कोळी गावं: कोपरखैरणे, खैरणे, बोनकोडे. आधी जमीन गेली कारखान्यांना. एमआयडीसीची स्थापना 1962 ची. मग 17 मार्च 1970 ला सिडको, म्हणजे नवं शहर वसवणारं सरकारी महामंडळ, स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या पट्ट्यातल्या 95 गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेतल्या गेल्या. गावठाण तेवढं उरलं. मोबदल्यावरून आंदोलन पेटलं. जानेवारी 1984 मध्ये उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. नेतृत्व होतं दि. बा. पाटलांचं. त्या लढ्यातूनच पुढे साडेबारा टक्के योजना आली. घेतलेल्या जमिनीच्या प्रमाणात विकसित भूखंड मूळ मालकाला परत मिळू लागले.

हे मी का सांगतेय? कारण कोपरखैरणेतला पहिला मतदार हा आहे. गावठाणातला प्रकल्पग्रस्त. तो आकड्याने थोडा असेल, पण एकगठ्ठा असतो, भावकी धरून असतो. त्याच्या घराचा प्रश्नही वेगळा आहे. कुटुंब वाढलं तसं गावठाणाबाहेर घरं बांधली गेली. इथे त्यांना "गरजेपोटी बांधलेली घरं" म्हणतात, कागदोपत्री ती अनधिकृत ठरतात. ती नियमित करू, हे आश्वासन मला कळायला लागल्यापासून प्रत्येक जाहीरनाम्यात आहे.

दुसरा मतदार माथाडी. मुंबईतले घाऊक बाजार खाडी ओलांडून इकडे आले, सुरुवात 1981 ला कांदा-बटाट्याने झाली. मालाबरोबर पाठीवर पोती वाहणारा कामगारही आला. सातारा, सांगली, पुणे जिल्ह्यांतला. अण्णासाहेब पाटलांनी या कामगारांची संघटना बांधली, 1969 ला माथाडी कायदा झाला. कोपरखैरणे आणि घणसोलीत त्यांच्यासाठी छोटी बैठी घरं झाली. आता त्यातली बरीच बैठी राहिलेली नाहीत. एकावर एक मजले चढलेत, खाली भाडेकरू, वर मालक, आणि गल्लीत गाडी लावायला जागा नाही. हा मतदार गावाकडे एक पाय ठेवून असतो. 2015 ची निवडणूक 22 एप्रिलला होती. एप्रिल म्हणजे गावोगावच्या यात्रांचा हंगाम! तेव्हा मतदार यादीत किती नावं आहेत यापेक्षा त्यातली त्या दिवशी कोपरखैरणेत किती आहेत, याचीच चिंता जास्त. माथाड्यांची मतं एकाच टोपलीत पडतात असंही नाही. शशिकांत शिंदे शरद पवारांच्या राष्ट्रवादीत, नरेंद्र पाटील भाजपसोबत, आणि दोघंही माथाडींचे नेते.

तिसरा मतदार सोसायटीतला. सिडकोच्या इमारती, साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांवर उभे राहिलेले चार-सात मजली ब्लॉक. नोकरदार, अनेक भाषांचा, पाण्याच्या दाबाबद्दल आणि पार्किंगबद्दल व्हॉट्सॲपवर प्रचंड जागरूक. मतदानाच्या दिवशी मात्र... जाऊ दे, तुम्हाला माहीत आहे. आणि चौथा, ज्याला आपण बहुतेक वेळा विसरतो, तो रुळांच्या पलीकडे एमआयडीसीच्या जागेवरच्या झोपडपट्टीतला. त्याचा नळ, त्याचं गटार कुणाच्या हद्दीत, पालिकेच्या की एमआयडीसीच्या, हा वाद कधी संपतच नाही.

आता महापालिका. सिडकोच्या शहरात पहिली वीसेक वर्षं पूर्ण शहराची अशी निवडून दिलेली संस्थाच नव्हती. गावांना ग्रामपंचायती होत्या, सेक्टरमध्ये राहणाऱ्याला फक्त सिडकोचं ऑफिस. नवी मुंबई महापालिका कागदावर आली 17 डिसेंबर 1991 ला, कारभार सुरू झाला 1 जानेवारी 1992 ला. त्यानंतरही तीन वर्षं प्रशासक. पहिली निवडणूक 1995 ची. पहिले महापौर संजीव नाईक, म्हणजे गणेश नाईकांचे चिरंजीव. गणेश नाईक तेव्हा शिवसेनेत होते, पुढे राष्ट्रवादीत गेले, 2019 ला भाजपमध्ये. आणि गंमत बघा, पक्ष बदलला की पालिकेतली गर्दीही बदलत गेली. नाईक कुटुंब मूळचं बोनकोड्याचं, म्हणजे आपल्या याच कोपरखैरणेतलं. त्यामुळे इथली प्रभागाची लढत बऱ्याचदा "नाईकांच्या बाजूने की विरोधात" एवढ्या एका प्रश्नावर येऊन थांबते. माझ्या मते यात वॉर्डातल्या खऱ्या प्रश्नांचं नुकसान झालं. पण नाईकांनी शहराला मोरबे धरण मिळवून दिलं, हे त्यांचे विरोधकही नाकारत नाहीत. उन्हाळ्यात शेजारच्या शहरांत टँकर फिरतात तेव्हा त्या धरणाची किंमत कळते.

2015 चा निकाल सांगते, कारण पुढच्या गणितासाठी तो लागेल. राष्ट्रवादी 52, शिवसेना 38, काँग्रेस 10, भाजप 6, अपक्ष 5. बहुमताला हवे होते 56. राष्ट्रवादीने काँग्रेसला सोबत घेऊन सत्ता राखली. सहा महिने आधीच गणेश नाईक स्वतः विधानसभेला बेलापुरातून मंदा म्हात्रेंकडून हरले होते. तरी पालिका हातची गेली नाही. का?

[फळ्यावर आकडे लिहीत]

2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे 11 लाख 20 हजार. भागिले 111. एका प्रभागात साधारण दहा हजार माणसं. त्यातली समजा सात हजार मतदार. निम्म्यांनी मत दिलं तर साडेतीन हजार. तिरंगी लढत झाली तर दीड हजार मतांतसुद्धा माणूस नगरसेवक! दीड हजार म्हणजे काय? एका गावठाणातल्या तीन-चार आळ्या. किंवा माथाडींच्या एखाद-दोन सेक्टरांतल्या गल्ल्या. वरचं वारं कुठलंही असो, ज्याने दहा वर्षं लग्नं, बारसं, दहावं चुकवलं नाही तो निवडून यायचा. पाच अपक्ष आले ते यातूनच.

अशा छोट्या प्रभागात हद्दीची रेघ फार महत्त्वाची. रेघ गावाच्या कडेने गेली तर गावाचा नगरसेवक. रेघेने गाव आणि त्याला खेटून असलेला सेक्टर एकत्र केला तर चुरस. म्हणून प्रारूप रचना जाहीर झाली की माजी नगरसेवक आधी नकाशाच उघडतात, आरक्षण नंतर. राज्य निवडणूक आयोगाचे नियम आहेत: क्रमांक उत्तरेकडून सुरू करायचे, म्हणून नवी मुंबईत एक नंबर दिघ्याला. मोठे रस्ते, नाले, रेल्वे यांचा हद्दीसाठी विचार करायचा, इमारत किंवा चाळ मधोमध फोडायची नाही. लोकसंख्येत सरासरीच्या दहा टक्के इकडेतिकडे चालतं. पण नियम पाळूनसुद्धा एकच भाग तीन-चार तऱ्हांनी कापता येतो. हरकती-सूचनांची सुनावणी असते ती त्यासाठी, आणि तिथे सामान्य रहिवासी फारसा फिरकत नाही. जातात ते ज्यांना उभं राहायचं असतं ते.

मग 2020. एप्रिलमध्ये निवडणूक होणार होती, कोरोना आला, पुढे ढकलली. मे मध्ये मुदत संपली आणि आयुक्तच प्रशासक झाले. पुढे ओबीसी आरक्षणाचा खटला, एकसदस्यीय की तीनसदस्यीय की चारसदस्यीय यावर सरकारागणिक फिरलेला कायदा, यात साडेपाच वर्षांहून जास्त गेली. राज्यघटनेचं कलम 243 यू सांगतं की मुदत संपण्याआधी निवडणूक व्हायला हवी. शेवटी मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुनावलं तेव्हा चक्र हललं. मतदान झालं 15 जानेवारी 2026 ला, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी.

आणि नवी मुंबईकरांनी पहिल्यांदा चार-चार मतं दिली.

पद्धत अशी. 27 प्रभागांत प्रत्येकी चार जागा, एका प्रभागात तीन. 27 चोक 108 आणि तीन, झाले 111. जागांना नावं अ, ब, क, ड. अ जागेचा उमेदवार फक्त अ मधल्यांशी लढतो, पण त्याला मत सगळा प्रभाग देतो. तुम्ही चारही जागांसाठी बटण दाबायचं. चारही एकाच पक्षाचे हवेत असं अजिबात नाही. एखाद्या जागेला कुणीच पसंत नसेल तर त्या जागेपुरता नोटा, म्हणजे "यापैकी कुणीही नाही". "एकदा चिन्ह निवडलं की चारही मतं तिकडेच जातात" ही अफवा आहे.

आता फळ्यावरचा तो दहा हजारांचा आकडा चारने गुणा. चाळीस हजार लोकसंख्या. गाव, माथाडी वसाहत, सोसायट्या, सगळे एकाच रेघेच्या आत! दीड हजार मतांचा धनी आता पुरत नाही. त्याला सोबत तीन जण लागतात, पॅनेल लागतं, चिन्ह लागतं, आणि चौपट भागात फिरायला पैसा लागतो. अपक्षासाठी हे फार जड. पक्ष मग तिकीट देताना चौघांची जुळवणी करतात: एक गावातला, एक माथाडींमधला, एक सोसायटीत चालणारा, एक पैसेवाला. निकालही तसाच लागला. भाजप आणि एकनाथ शिंदेंची शिवसेना इथे एकमेकांविरुद्ध लढले, भाजपने एकट्याने बहुमत गाठलं, शिंदेंची सेना दुसरी, आणि बाकीच्यांना जेमतेम दोन-चार जागा. छोट्यांचा पत्ता कट.

एक गोष्ट मात्र सुधारली. आधी प्रभाग महिलांसाठी राखीव झाला की नगरसेवक साहेब घरातल्या वहिनींचा फोटो बॅनरवर मोठा करायचे, नाहीतर स्वतः शेजारच्या प्रभागात घुसायचे. आता चार जागांच्या प्रत्येक प्रभागात दोन जागा महिलांच्या असतातच, त्यामुळे पळापळ कमी झाली. वहिनींचे फोटो अजून आहेत, तो भाग वेगळा.

माझं मत विचाराल तर मला एकसदस्यीय पद्धत बरी वाटते. गटार तुंबलं की दार कुणाचं ठोठवायचं ते ठाऊक असायचं. आता चौघं एकमेकांकडे बोट दाखवू शकतात आणि काम झालं की चौघांचे बॅनर लागतात. कायद्याने चौघंही तुमचेच आहेत, पूर्ण प्रभागाचे. आपापसांत त्यांनी सेक्टर वाटून घेतले असतील तर ती त्यांची सोय, तुमच्यावर बंधन नाही. म्हणून तक्रार लेखी द्या, चौघांच्या नावे द्या, आणि एक प्रत कोपरखैरणे विभाग कार्यालयात देऊन पोच घ्या. एमआयडीसीच्या बाजूला राहत असाल तर आणखी एक प्रत तिथेही.

पुढच्या व्हिडिओत दिघा घेतेय. तुमच्या भागात गाव आणि सेक्टर एकाच प्रभागात आलेत की वेगळे पडलेत, ते कॉमेंटमध्ये सेक्टर नंबरासकट लिहा.