आवाजाची पोच

(विद्यापीठातल्या महिला दिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मी आज अर्धा तास आधीच पोहोचले. सभागृह रिकामं होतं आणि एक मुलगी माइकच्या स्टँडशी झटत होती. माइक तिच्या कपाळापर्यंत आलेला, आणि खाली घ्यायचा स्क्रू गच्च बसलेला. साउंड सांभाळणारा मुलगा लांबूनच म्हणाला, "राहू दे ना, तो असाच असतो. मान वर करून बोल." शेवटी आम्ही दोघींनी मिळून तो स्क्रू फिरवला. मी आत्ता जरा वाकून बोलतेय ती त्यामुळे. चालेल मला.

मग तिने मला कार्यक्रमपत्रिका दाखवली. स्वागत, परिचय, सूत्रसंचालन, आभार, सगळीकडे विद्यार्थिनी. महिला दिन सोडा, कुठल्याही विभागाची कुठलीही पत्रिका काढा, हेच दिसेल. मी पस्तीस वर्षं मराठी शिकवलं. "आवाज छान आहे हो हिचा, हिला सूत्रसंचालन द्या," हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकलं आणि, आता कबूल करायला हरकत नाही, स्वतःही म्हटलं. सूत्रसंचालन करणारी मुलगी अख्ख्या कार्यक्रमात सगळ्यात जास्त वेळा बोलते. पण बोलते ती दुसऱ्यांविषयी. कार्यक्रम संपल्यावर तिचं एकही वाक्य कुणाला आठवत नाही, आणि आठवू नये अशीच त्या कामाची रचना आहे.

मला विषय दिलाय 'तिचा आवाज'. आवाजाबद्दल मला जे सांगायचंय ते सगळं कागदाबद्दल आहे. हसू नका. तुम्ही कार्यालयात अर्ज घेऊन जाता, खिडकीपलीकडचा माणूस त्यावर शिक्का मारतो, आवक क्रमांक घालतो आणि तुमच्या प्रतीवर सही करतो. त्याला आपण पोच म्हणतो. पोच हातात असली की असा अर्ज आलाच नव्हता, असं उद्या कुणाला म्हणता येत नाही. तर विद्यापीठात बाईच्या बोलण्याची पोच मिळते का, एवढंच मला बघायचंय.

माझाच एक प्रसंग सांगते. मी एका अभ्यासमंडळावर नवीनच गेले होते. टेबलाभोवती अकरा माणसं, त्यात बाई मी एकटी. लोकसाहित्याचा पेपर नव्याने आखायचा होता. मी म्हटलं, मुलांना नुसती पुस्तकातली उत्तरं लिहायला लावू नका, त्यांना घरातल्या, शेजारच्या म्हाताऱ्या बायकांकडे पाठवा, ओव्या उतरवून आणू देत, त्याला वीस गुण ठेवा. कुणी काही बोललं नाही. चहा आला. चहानंतर एक ज्येष्ठ सर म्हणाले, "मला वाटतं मुलांना क्षेत्रकार्याला वीस गुण द्यावेत." वा, वा झालं. पुढच्या सभेआधी इतिवृत्त हातात पडलं, तर त्यात ठळक अक्षरात सरांचं नाव आणि खाली "यांच्या सूचनेनुसार". वाईट हे की सर मनाने फार सज्जन होते. त्यांनी माझी कल्पना चोरली नव्हती, त्यांनी ती ऐकलीच नव्हती. म्हणजे कानावर पडली होती, पण कुणाकडून पडली याची नोंद त्यांच्या डोक्यात झाली नव्हती.

प्रत्येक सभेचा विषय क्रमांक एक ठरलेला असतो: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. त्यावर कुणी बोलत नाही, सगळे माना डोलावतात. त्या दिवशी मी हात वर केला. आवाज कापत होता, उगाच शूर असल्याचा आव आणत नाही. म्हटलं, यात दुरुस्ती हवी, ही सूचना माझी होती. अध्यक्ष हसले, सर ओशाळले, आणि दुरुस्ती झाली. काय दुरुस्ती? "सदस्यांनी सुचविल्यानुसार." माझं नाव लागलं नाहीच, वर सरांचंही गेलं! पण एक झालं. तेव्हापासून त्या टेबलावर मी बोलले की लिहून घेणारा लिपिक मान वर करून बघायचा, कोण बोलतंय ते.

हे फक्त आपल्याकडचं नाही. जर्मनीतल्या गॉटिंगेन विद्यापीठात एमी नोएथर १९१६ च्या सुमारास शिकवत होत्या. विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या गणितज्ञांपैकी एक. पण स्त्रीला अध्यापनाचा अधिकार नव्हता, म्हणून व्याख्यानांच्या यादीत नाव छापलं जायचं तिथले मोठे गणितज्ञ हिल्बर्ट यांचं, आणि पुढे डॉक्टर नोएथर यांच्या सहकार्याने. हिल्बर्ट त्यांच्या बाजूचेच होते, भांडतही होते त्यांच्यासाठी. तरी अधिकार मिळायला १९१९ उजाडलं. चांगल्या माणसांनी भरलेल्या संस्थेतही ही वेळ येते, म्हणून हे उदाहरण मला जवळचं वाटतं.

आता आपल्या घरचं. एम.ए.च्या मुलांना मी दरवर्षी मुक्ता साळवेचा निबंध वाचायला लावायचे. जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेतली ही मांग समाजातली मुलगी. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलं आणि १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' या नियतकालिकाने ते छापलं. वय लहान, शाळेत जाऊन जेमतेम तीन वर्षं झालेली. ती थेट विचारते, आमचा धर्म कोणता? बाळंतपणात डोक्यावर छप्परही नसलेल्या आपल्या बायकांबद्दल लिहिते. सावित्रीबाईंचं नाव आज आपण पुणे विद्यापीठाला दिलंय, २०१४ पासून. मला मात्र सावित्रीबाईंचं मोठेपण त्या छापील निबंधात जास्त दिसतं. शाळेने मुलीला शिकवलं, आणि तिने काय शिकलं ते तिच्या नावावर जगापुढे आलं. ही पोच. दीडशेहून जास्त वर्षं झाली तरी ती कुणाला खोडता आलेली नाही.

कॉर्नेलिया सोराबजींचं उलटं झालं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या, मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर. परीक्षेत वरचा क्रमांक आला, त्यावर इंग्लंडला जायची शिष्यवृत्ती मिळायला हवी होती, ती बाई म्हणून नाकारली. इंग्लंडमधल्या हितचिंतकांनी पैसे जमवले, १८८९ मध्ये त्या ऑक्सफर्डला गेल्या. १८९२ मध्ये तिथली कायद्याची परीक्षा दिली, आणि पदवी? ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या द्यायला सुरुवात केली १९२० मध्ये. जवळजवळ तीस वर्षं उत्तरपत्रिका तपासलेली, निकाल लागलेला, फक्त कागद नाही. केंब्रिज त्याहून सावकाश. तिथे स्त्रियांना पूर्ण पदवी १९४८ पासून.

आणि त्या दोन बहिणी. कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्र घेऊन पहिल्या आल्या आणि बंगळूरच्या विज्ञान संस्थेत अर्ज केला. संस्थेचे प्रमुख सी. व्ही. रामन. अर्ज नामंजूर, कारण बाई. त्या तिथे जाऊन ठाण मांडून बसल्या. प्रवेश मिळाला तो अटींवर. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून नाही, आणि त्यांच्यामुळे पुरुष संशोधकांचं लक्ष विचलित होता कामा नये. विचलित होणार दुसरे, जबाबदारी हिची! वर्षभरात त्यांचं काम बघून रामन यांचं मत बदललं. पुढे केंब्रिजला जाऊन १९३९ मध्ये त्यांनी पीएच.डी. केली, विज्ञानात ती मिळवणाऱ्या अगदी सुरुवातीच्या भारतीय स्त्रियांपैकी एक. प्रबंध चाळीसेक पानांचा होता म्हणतात. आपल्याकडे चारशे पानांखाली प्रबंध दिला तर मार्गदर्शकच घाबरतात, पण ते जाऊ द्या. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की एवढं यश मिळाल्यावरही त्या अपमान विसरल्या नाहीत आणि म्हातारपणी जाहीरपणे बोलून दाखवला. झालं गेलं गंगेला मिळालं, असं त्या म्हणाल्या नाहीत.

थोरली बहीण दुर्गाबाई. १९७५, कराडचं साहित्य संमेलन, देशात आणीबाणी. व्यासपीठावर यशवंतराव चव्हाण, केंद्रातले मंत्री. आणि अध्यक्ष दुर्गा भागवत सभेला सांगतात, आणीबाणीविरोधी नेते जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी उभे राहून प्रार्थना करा. सभा उभी राहिली. दुर्गाबाईंचा आवाज काही फार मोठा नव्हता. पण त्या दिवशी ती खुर्ची अध्यक्षाची होती, शोभेची नव्हती. आता हिशेब बघा. १९६१ मध्ये कुसुमावती देशपांडे, मग दुर्गाबाई, शांता शेळके, विजया राजाध्यक्ष, अरुणा ढेरे आणि २०२५ मध्ये तारा भवाळकर. तोवरच्या अठ्ठ्याण्णव संमेलनांत सहा. मराठीच्या वर्गात बाकांवर मुली जास्त आणि अध्यक्षपदी सहा.

तुम्ही म्हणाल, हे जुनं झालं. २०२१-२२ च्या उच्चशिक्षण सर्वेक्षणात ४.३३ कोटी विद्यार्थ्यांत २.०७ कोटी मुली आहेत, अध्यापकांत शंभरात साधारण ४३ स्त्रिया. खरंय. मोजणीत आपण आलोय.

पण मी चार वर्षं मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते, ते सांगते. ग्रंथालयाचा वाचनकक्ष रात्री बारापर्यंत उघडा, आणि मुलींच्या वसतिगृहाचं फाटक नऊला बंद. मुलांच्या वसतिगृहाला फाटक होतं, पण ते बंद झालेलं मी कधी पाहिलं नाही. आमच्याकडे उशिरा येणाऱ्यांची वही असायची. नाव, खोली, वेळ, कारण, सही. कारणाच्या रकान्यात पानंच्या पानं "बस चुकली". आवारात बसच येत नव्हती! चालत दहा मिनिटांचं अंतर. मुलींना कळलं होतं की या वहीत खरं लिहिलं तर प्रश्न वाढतात आणि बस चुकली लिहिलं की कुणी काही विचारत नाही. मी रोज सकाळी खाली सही करत होते. वाचत नव्हते. ही चूक माझी.

एका रात्री रसायनशास्त्राच्या एका मुलीने लिहिलं, "प्रयोग संपला नव्हता." शिपायाने सही करू दिली नाही, मार्गदर्शकाचं पत्र आण म्हणाला. प्रकरण माझ्याकडे आलं तेव्हा मी ती वही पहिल्यांदा मागून पुढे वाचली, आणि मला कमला सोहोनी आठवल्या. त्यांचाही दिवस घड्याळावर संपत नव्हता. मी त्या मुलीला म्हटलं, मला तोंडी सांगू नकोस, अर्ज कर, आणि एकटी करू नकोस. त्रेचाळीस सह्यांचा अर्ज आला. मी तिला कार्यालयात पाठवलं, पोच घेऊन ये म्हणून. लिपिक म्हणाला, "रेक्टर मॅडमना दिलाय ना, मग पोच कशाला?" ती खिडकीशी उभी राहिली, जेवणाची सुट्टी संपेपर्यंत. आवक क्रमांक घेऊनच आली. फाटकाची वेळ साडेअकरा व्हायला पुढे आठ महिने लागले, तीन बैठका झाल्या. दर बैठकीत कुणीतरी म्हणायचं, मुलींची तशी मागणी नाहीये. आणि दर वेळी मी तो कागद पुढे सरकवायचे.

लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत तक्रार समितीचंही थोडं बोलते, कारण इथे नवीन मुली बसल्यात. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या अशा छळाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या १९९७ च्या विशाखा निकालानंतर कायदा यायला २०१३ साल लागलं, आणि २०१५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने उच्चशिक्षण संस्थांसाठी वेगळे विनियम केले. अध्यक्ष वरिष्ठ महिला, निदान निम्म्या सदस्य स्त्रिया, चौकशी नव्वद दिवसांत. हे बहुतेकांना माहीत असतं. दोन गोष्टी माहीत नसतात. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाते, विभागप्रमुख यांना या समितीचं सदस्य होता येत नाही. आणि प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तर समितीवर तीन विद्यार्थी हवेत, पदवी, पदव्युत्तर आणि संशोधन स्तरावरचे, निवडून आलेले. निवडून आलेले. मी अनेक ठिकाणी गेलेय, बहुतेक जागी विभागप्रमुखांनी नाव सुचवलेली, स्वभावाने शांत, गुणी मुलगी दिसते. तिचा दोष नाही. पण तिला कुणी निवडलेलं नाही, त्यामुळे ती कुणाच्या वतीने बोलतेय हे तिलाही माहीत नसतं. तुमच्या विद्यापीठात ही निवडणूक शेवटची कधी झाली, हे आज घरी जाण्याआधी विचारा. उत्तर तोंडी मिळालं तर लेखी मागा.

माझी वेळ संपत आली असं ती मघाची मुलगी खुणेने सांगतेय. आता प्रश्नोत्तरं आहेत. सूत्रसंचालकाला प्रश्न विचारायची कधीच सोय नसते, दुसऱ्यांच्या हातात माइक देत फिरणं एवढंच तिच्या वाट्याला येतं. म्हणून मी ठरवूनच आलेय, पहिला प्रश्न तिचा. इतिवृत्त कोण लिहितंय? तुम्ही का सर? बरं. तिचं पूर्ण नाव आधी लिहून घ्या. हं, बोल आता. माइक तुझ्याच उंचीवर आहे.