खापरांवरून वाचलेले किल्ले

लाल लेप दिलेल्या ताटलीचा हा काठ. माती पश्चिम तुर्कस्तानातल्या फोकिया परिसरातली. सापडला मात्र वेल्समध्ये, कार्डिफजवळच्या डिनास पॉविस टेकडीवर.

पाचव्या-सहाव्या शतकात इथे नाणी चलनात उरली नव्हती आणि मडकी घडवणंही थांबलं होतं. त्यामुळे थराचा काळ सांगायला समुद्रापारहून आलेले असे तुकडे फार मोलाचे. ते ओळखणारी ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ लेस्ली अल्कॉक यांची नजर घडली सिंधच्या मातीत. महायुद्धात ते गुरखा पलटणीत होते आणि १९५० साली पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांच्याबरोबर मोहेंजोदडोला. तिथल्या खापरांवरचं त्यांचं काम छापून यायला १९८६ उजाडलं.

डिनास पॉविसचं त्यांचं उत्खनन चाललं १९५४ ते १९५८. धातू वितळवायच्या मुशी, काचेचे तुकडे, गुरा-डुकरांची हाडं, आणि साच्याच्या ओल्या मातीत दाबून ब्रोचचा, म्हणजे कपड्याला लावायच्या नक्षीदार पिनेचा, आकार उमटवायचा शिशाचा ठसा. म्हणजे टेकडीवरच्या सरदाराच्या पदरी कारागीर होते.

चूक झाली ती तटांच्या बाबतीत. भरावातलं खापर एवढंच सांगतं की तट त्याच्या आधीचा नाही. किती नंतरचा, ते सांगत नाही. अल्कॉक यांनी मोठे तट नॉर्मन काळातले, म्हणजे अकराव्या शतकाच्या सुमाराचे मानले. पुढे कार्बन कालमापनाने ते प्रारंभिक मध्ययुगातलेच ठरले.

मग १९६६ ते १९७०, इंग्लंडच्या सॉमरसेटमधला साउथ कॅडबरीचा टेकडीवरचा किल्ला. लाकूड कधीच कुजलेलं, उरले खडकात कोरलेले खांबांचे खड्डे, तेही लोहयुगापासूनचे, एकमेकांत घुसलेले. त्यांतून एकाच इमारतीचे खड्डे निवडणं हे खरं कसब. त्यातून सुमारे १९ मीटर लांब, १० मीटर रुंद दिवाणखाना उभा राहिला. लोकांना मात्र तिथे दंतकथेतला राजा आर्थर हवा होता. अल्कॉक यांनी आधी तो धागा धरला आणि पुरावा पुरत नाही हे पटल्यावर सोडलाही. विद्वानाकडून याहून अधिक काय मागावं?

१९७३ पासून स्कॉटलंडमधलं ग्लासगो विद्यापीठ. आता पद्धत बदलली: ज्या किल्ल्याच्या वेढ्याचं साल आयरिश बखरींत आहे, तिथेच खणायचं, आणि चर लहान ठेवायची. स्कॉटलंडमधल्या डंबार्टन किल्ल्याचा वेढा ८७० चा. तिथे लाकूड गुंफलेला तट जळालेला सापडला. अशा ठिकाणी कोळसा निवडताना जपावं लागतं. ओकच्या गाभ्याचा तुकडा घेतला तर ते लाकूड वाढलं तेव्हाचा काळ हाती येतो, आगीचा नाही.

स्कॉटलंडमधल्याच डंडर्न किल्ल्याचा वेढा ६८३ चा. तिथल्या ओल्या थरात हवा पोचली नव्हती, म्हणून नक्षीदार चामडी जोडा टिकून राहिला.