बंबातल्या गुंडाळ्या

नमस्कार मंडळी. मी बडोद्याचाच, दांडिया बाजारात लहानाचा मोठा झालो आणि सगळी नोकरी फायर ब्रिगेडमध्ये काढली. आमचे गुजराती शेजारी गाडीला लायबंबो म्हणायचे, आमची आजी नुसतं बंब म्हणायची आणि तिला न्हाणीघरातल्या बंबात नि माझ्या बंबात फार फरक वाटायचा नाही, दोन्हीत पाणी आणि दोन्हीपाशी जाळ, मग वेगळं काय म्हणे!

तर खंडेनवमीला आम्ही गाड्या धुऊन पुसून ओळीत उभ्या करायचो, कुऱ्हाडी, हूक, ब्रांच म्हणजे पाईपाच्या टोकाची पाणी उडवणारी तोटी, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूचा हार. पोरं बघायला यायची, एप्रिलमधल्या फायर सप्ताहातही यायची. तो सप्ताह १४ एप्रिलला सुरू होतो, कारण १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकिन बोटीचा स्फोट झाला आणि आगीशी झगडताना ६६ फायरमन गेले. पोरांचे प्रश्न ठरलेले, सायरन वाजवा, शिडी किती वर जाते, तुम्ही खांबावरून घसरता का. गाडीच्या लॉकरचं शटर वर केलं की आत पाईपाच्या गुंडाळ्या दिसतात, त्यांच्याकडे कोणी ढुंकून बघायचं नाही. आज मी त्यांच्याबद्दलच बोलणारे.

आमचा नेहमीचा डिलिव्हरी होज, म्हणजे पंपापासून आगीकडे पाणी नेणारा पाईप, ६३ मिलिमीटरचा, एक लेंथ म्हणजे एक तुकडा साधारण १५ मीटर. एका टोकाला नर कपलिंग म्हणजे जोड, दुसऱ्याला मादी, खट्कन एकमेकांत बसतात, आटे फिरवायची भानगड नाही. नर टोक पंपाकडे आणि मादी टोक आगीकडे, हा नियम. म्हणून गुंडाळताना मादी आत ठेवून तिच्याभोवती गुंडाळत यायचं, म्हणजे नर बाहेर राहतो, तो धरून गुंडाळी पुढे फेकली की ती आपली उलगडत आगीच्या दिशेने पळते. वाचायला सोपं आहे. रात्रभर आग विझवून पहाटे चारला डोळ्यांत धूर गेलेला असताना करून बघा. मी एकदा उलटी गुंडाळली, नर आत नि मादी बाहेर, लॉकरमध्ये ठेवली आणि झोपलो. दोन तासांनी दुसरा कॉल आला, मीच ती फेकली, पंपाशी माझ्या हातात मादी आणि पंपाच्या तोंडालाही मादी. आख्खी लेंथ फरफटत उलटी केली. अ‍ॅडॉप्टर असतो हो, पण तो त्या वेळी हाताला लागेल तर ना! आमचे उस्ताद काही बोलले नाहीत, नुसते बघत राहिले, त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

हेच उस्ताद नव्या पोरांच्या डोळ्यांवर पंचा बांधायचे आणि सांगायचे, ब्रांच काढ, सक्शनची जाळी काढ, स्पॅनर काढ. म्हणून वस्तूची जागा बदलली की आमच्यात भांडणं व्हायची, अगदी स्वयंपाकघरात सासूने मिठाची बरणी हलवल्यासारखी.

आता तुम्ही लोक आमच्यावर ओरडता ती गोष्ट. गाडी येऊन उभी राहते, आम्ही पाईप टाकत असतो आणि मागून आरडाओरडा, अहो पाणी सोडा ना, काय बघत बसलाय! तर ऐका. एका लेंथमध्ये पाणी भरलं की ते साधारण ४७ लिटर असतं, म्हणजे ४७ किलो, पाईपाचं वजन वेगळंच. आपल्या बडोद्याच्या पोळीत, म्हणजे जुन्या अरुंद गल्लीत, गाडी शिरत नाही, ती तोंडाशी उभी राहते आणि आत आठ लेंथ न्यायच्या म्हटलं तर आधी पाणी सोडल्यावर पावणेचारशे किलोचा साप वळणावळणाने ओढायचा, कोण ओढणार? म्हणून पाईप रिकामाच पुढे न्यायचा, ब्रांच लावायची, दोघांनी घट्ट धरायची, कारण पाण्याचा धक्का मागे फेकतो, आणि मगच पाणी द्या म्हणून हाक. शिवाय टाकीत साधारण साडेचार हजार लिटर असतं, मिनिटाला साडेचारशे लिटर उडवणारी एक ब्रांच ती दहा मिनिटांत संपवते, म्हणजे पाईप भरण्यातच जवळजवळ मिनिटाभराचं पाणी गेलं. तोपर्यंत दुसरी गाडी किंवा हायड्रंट, म्हणजे आगीसाठीचा पाण्याचा नळ, जोडायला माणूस पळालेला असतो.

पोळीत गुंडाळी फेकायलाही जागा नसते, चार पावलांवर कोणाची तरी ॲक्टिव्हा असते आणि गुंडाळी तिच्या चाकावर आपटून आडवी होते. तिथे आम्ही दुहेरी गुंडाळी वापरतो, मधून दुमडलेली, दोन्ही कपलिंग बाहेर, किंवा नागमोडी घडी खांद्यावर टाकून चालत सुटतो, मागून ती आपोआप सुटत जाते. आणि भरलेल्या पाईपावरून रिक्षा नेणाऱ्यांना तर माझा साष्टांग नमस्कार. चाक चढलं की पुढे ब्रांचवर उभ्या माणसाच्या पाण्याचा जोर एकदम पडतो, जाळ त्याच्या तोंडासमोर असतो.

पूर्वी कॅनव्हासचे पाईप असायचे, सुरुवातीला झिरपायचे, मग धागा फुगला की बंद. ते ओले ठेवले की बुरशी धरायची, म्हणून जुन्या स्टेशनांना उंच मनोरा असायचा, पाईप टांगून वाळवायला, लोकांना वाटायचं टेहळणीसाठी आहे. आता आत रबर असतं, तेवढी कटकट नाही, पण घडी एकाच जागी राहिली की तिथेच चिरतं, म्हणून अधूनमधून उलगडून घडी हलवायची. कडक उन्हात वाळवायचं नाही. आणि उंदीर! त्यांना रबरात काय चव लागते देव जाणे.

एकदा नवापुऱ्याकडच्या एका पोळीत आग विझल्यावर आम्ही पाईप खांद्यावर घेऊन एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत चालत पाणी काढत होतो. एक मावशी ओट्यावर चहा घेऊन उभ्या, म्हणाल्या, "अहो भाऊ, दमलात, सकाळी गुंडाळा की, कोण नेतंय ते?" मी म्हटलं, "मावशी, चहा तिथेच ठेवा, एका कपलिंगचा वॉशर सापडत नाहीये." मग त्याही पदर खोचून टॉर्च घेऊन आमच्याबरोबर चिखलात शोधायला लागल्या.