वीस लिटर हवा

टेबलावर ठेवलेला हा साडेसहा इंची वूफर, म्हणजे खालचे सूर वाजवणारा स्पीकर, पुण्याच्या तापकीर गल्लीतून आणला आहे. त्याला ॲम्प्लिफायरच्या तारा जोडून, कोणत्याही पेटीशिवाय तबल्याचे ध्वनिमुद्रण लावले, तर चाटीवरचे बोल स्वच्छ ऐकू येतात, पण डग्ग्याचा घुमारा जवळजवळ नाहीसा होतो. आता हाच वूफर जाड पुठ्ठ्याला पाडलेल्या भोकावर दाबून धरला, तर गेलेला डग्गा बराचसा परत येतो. मधल्या काळात ना वूफर बदलला, ना आवाज वाढवला.

याचे कारण असे, की वूफरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. ५० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ५० कंपनांच्या, खर्जाची एक लहर जवळपास ७ मीटर लांब असते. इतक्या लांब लहरींना वूफरची कड हा अडथळाच वाटत नाही, त्या कडेला वळसा घालतात आणि पुढची लहर मागच्या लहरीला खोडून टाकते. या दोघींना वेगळे ठेवणे हे पेटीचे पहिले काम आहे.

पेटी कशाची करायची, यावर घरात आठवडाभर चर्चा झाली. वडिलांचा आग्रह सागवानाचा होता. त्यांचे म्हणणे असे, की वाद्याला चांगले लाकूड लागते, आणि वाद्यापुरते ते खरेही आहे: मिरजेच्या तंबोऱ्यात तारेबरोबर भोपळा आणि लाकूडही बोलते, म्हणून तर तो तंबोरा. स्पीकरच्या पेटीकडून मात्र अपेक्षा नेमकी उलटी असते. ध्वनिमुद्रणात जो तंबोरा आहे तोच ऐकू यावा, त्यात पेटीच्या फळ्यांनी आपला सूर मिसळू नये. शिवाय भरीव लाकूड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि सांधे उकलतात. त्यामुळे १८ मिलिमीटर जाडीचा एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड, ठरला, आणि वडिलांनी तो नाइलाजाने मान्य केला.

पेटी केवढी असावी, हा प्रश्न पूर्वी बराचसा अंदाजाने सोडवला जाई. आजच्या वूफरचे मूळ रूप चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये मांडले आणि मागची लहर वाया न घालवता पेटीला पाडलेल्या छिद्रातून उपयोगात आणण्याच्या युक्तीचे पेटंट अल्बर्ट थुरास यांना १९३२ मध्ये मिळाले; पण वूफरवरून पेटीचे गणित मांडण्याची पक्की पद्धत ऑस्ट्रेलियाचे अभियंते नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये दिली आणि १९७०च्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी ती विस्ताराने मांडली. वूफरबरोबर मिळणाऱ्या कागदावरचे आकडे त्या दोघांच्या नावाने ओळखले जातात. या वूफरच्या आकड्यांवरून उत्तर आले ते असे: २० लिटर हवा, आणि ५० हर्ट्झला घुमणारे छिद्र.

बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर जो आवाज येतो, तेच या छिद्राचे तत्त्व आहे. बाटलीच्या मानेतली हवा पिस्टनसारखी पुढे-मागे होते आणि पोटातली हवा स्प्रिंगसारखी तिला परत ढकलते. आपल्या पेटीची मान म्हणजे आतून ५ सेंटीमीटर व्यासाचा पीव्हीसी पाइप. २० लिटर हवेसाठी त्याची लांबी ८ सेंटीमीटर निघाली. वूफरचे चुंबक, पाइप आणि आतली आडवी पट्टी मिळून सुमारे २ लिटर जागा खातात, ती मिळवून २२ लिटर. त्यावरून मापे ठरली: रुंदी २२, खोली २६ आणि उंची ३८.५ सेंटीमीटर. तिन्ही मापे एकमेकांच्या पटीत येणार नाहीत, हे मुद्दाम पाहिले होते. ही मापे मी कागदावर नीट लिहिली आणि भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून जोडीसाठी बारा फळ्या कापून आणल्या.

समोरच्या फळीचे काम सर्वांत नाजूक. या वूफरचा बाहेरचा व्यास साडेसोळा सेंटीमीटर असला, तरी भोक साडेचौदाचेच हवे, नाहीतर स्क्रू बसायला जागाच उरत नाही. खिळा आणि दोरीने वर्तुळ आखले, रेषेच्या आत ड्रिलने एक भोक पाडले, त्यातून जिगसॉचे पाते उतरवले. एमडीएफचा भुगा पिठासारखा बारीक असतो आणि त्यात रसायन मिसळलेले असते, म्हणून तोंडावर मास्क आणि काम गच्चीवर. सांध्यांना फेव्हिकॉल लावून शिकंजे आवळले आणि चौकटीचे दोन्ही कर्ण मोजले. ते सारखे भरले, तरच पेटी गुण्यात असते. जुलै महिना होता, त्यामुळे शिकंजे पूर्ण दिवसभर काढले नाहीत. बाजूच्या फळीवर बोटाच्या पेराने ठोकले, तर आधी ‘ढब्ब’ असा पोकळ आवाज येत होता. आत आडवी पट्टी चिकटवल्यावर तो ‘टक’ असा कोरडा झाला.

तारा जोडण्यापूर्वी दीड व्होल्टचा सेल वूफरच्या टोकांना क्षणभर लावला. पडदा बाहेर आला, म्हणजे सेलच्या धन बाजूला लागलेले टोक तेच खरे धन टोक. खालचे आणि वरचे सूर वेगळे करणारा क्रॉसओव्हर बाजारातला तयार घेतला, वरचे सूर वाजवणारा छोटा स्पीकर, म्हणजे ट्वीटर, तोही साधा. पहिल्या खेपेस ती तडजोड मला चालण्यासारखी वाटली.

मग परीक्षा. मोबाइलवरून एकसुरी आवाज सोडून तो १०० हर्ट्झपासून हळूहळू खाली आणायचा. पेटी ज्या आकड्याला घुमते, तिथे पडदा जवळजवळ स्थिर होतो आणि सगळी हालचाल पाइपमधल्या हवेत जाते. पाइपसमोर उदबत्ती धरली होती. पन्नासला धूर फडफडायला हवा होता. तो फडफडला त्रेसष्टला. सांध्यातून हवा गळत असेल, म्हणून पाइपवर तळहात ठेवून पडदा हलकेच दाबला, तर तो सावकाश परत आला. पेटी हवाबंद होती.

शेवटी वूफर काढून आत मोजपट्टी टाकली. रुंदी २२ ऐवजी १८.४ भरली. हवेची म्हणून काढलेली मापे मी फळ्यांची बाहेरची मापे म्हणून दुकानात दिली होती. प्रत्येक दिशेने दोन फळ्यांची ३६ मिलिमीटर जाडी आत शिरली होती. एका मापात ती किरकोळ वाटते, पण तिन्ही मापांत कापली गेल्यावर २२ लिटरांचे साडेचौदासुद्धा उरले नव्हते. त्या उरलेल्या हवेचे गणित पुन्हा केले, तर उत्तर नेमके त्रेसष्टच्या आसपास आले. चूक माझी होती, गणिताची नव्हती.

पाइप १५ सेंटीमीटरचा केल्यावर तीच पेटी पन्नासवर आली, मात्र वूफरला हवी तेवढी हवा तिच्यात नव्हतीच, आणि खर्ज ओढूनताणून येत राहिला. आठ बाय चार फुटांच्या बोर्डमधून नवी जोडी निघण्याइतका एमडीएफ शिल्लक होता. नव्या यादीत प्रत्येक मापापुढे ‘आतले’ की ‘बाहेरचे’ ते लिहिले: बाहेरून २५.६, २९.६ आणि ४२.१. जोडल्याविना राहिलेल्या जुन्या सहा फळ्यांच्या आतल्या पट्ट्या झाल्या.

नव्या पेटीत उदबत्तीचा धूर एक्कावन्नला हलला. सुरुवातीचे तबल्याचे ध्वनिमुद्रण पुन्हा लावले, तेव्हा वडील बाहेरच्या खोलीतून आत आले आणि डग्ग्याच्या प्रत्येक थापेला पाइपसमोर तळहात धरून हवा येते का ते पाहत बसले.